श्रुतिका परब, मरोळ

समोरच्या परबांच्या दाराची बेल वाजली की मी माझं दार किलकिलं करते. शेजारधर्म म्हणा, भोचकपणा म्हणा. बाहेर बहुतेक वेळा पाठीला गिटारची काळी बॅग अडकवलेला एखादा मुलगा उभा असतो. दार श्रुतिका उघडते. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, भुवयांवर लाकडाचा भुसा. तो तिच्या खांद्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "सर आहेत?"

सर नसतात. सर म्हणजे नितेश, तिचा नवरा. तो विमानतळावर कार्गोत कामाला आहे आणि त्याला गिटारीतलं इतकंच कळतं की ती पडू द्यायची नसते. इलेक्ट्रिक गिटार बनवते ती श्रुतिका. लाकूड ती कापते, तासते ती, तारांखालची कॉइल ती गुंडाळते, रंग ती मारते. हे तिने इतक्या जणांना सांगितलंय की आता ती नुसतं "आत ये" म्हणते. मुलगा आत जाऊन बसतो आणि सरांची वाट बघतो. एकाने तर चहा संपेपर्यंत वाट बघितली. माझ्या हातात असतं तर मी त्याला चहाही दिला नसता.

मी वसुधा. टेलिफोन खात्यात होते, आता निवृत्त आहे. मरोळच्या या इमारतीत राहायला आले तेव्हा खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसायचे, आता काचेची ऑफिसं दिसतात. परब तेव्हापासून समोर आहेत. नितेशची आई विमलाबाई मालवणकडच्या. त्यांचे यजमान लवू परब गिरणीत होते. गिरणी गेली, पुढे तेही गेले. विमलाबाई आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत बसतो. श्रुतिकाच्या कामाचा भुसा माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उडतो म्हणून मी तिच्याशी भांडते, आणि यापुढेही भांडेन. पण ते आमच्या दोन घरांमधलं आहे. बाहेरच्याने तिला कमी लेखलं की माझं डोकं फिरतं.

श्रुतिकाचं माहेर घाटकोपरचं. लग्नाआधीपासून ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात कॉइल गुंडाळायची. केसाहून बारीक तांब्याची तार, ती न तोडता दिवसभर फिरवत राहायची. या कामाला मुद्दाम बायका ठेवतात. मालक म्हणतात, बायकांची बोटं नाजूक असतात. बोटं नाजूक नसतात, पगार नाजूक असतो. तर त्या गाळ्यात एकदा कोणीतरी गिटारचा बंद पडलेला पिकअप घेऊन आलं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची आणि कॉइलची छोटी डबी. तारेची थरथर ती पकडते आणि स्पीकरकडे पाठवते. मालकाने असली किरकोळ कामं घेत नाही म्हणून सांगितलं. श्रुतिकाने तो पिकअप डबा खायच्या सुट्टीत नव्याने गुंडाळून दिला. तो माणूस पुन्हा आला तेव्हा बरोबर मित्रांना घेऊन आला.

पुढे गाळा वसईला हलला. मालकाने जुनं मशीन भंगारात काढलं, ते तिने रिक्षात घालून घरी आणलं. विमलाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, कारण मशीन ठेवायला त्यांचं तांदळाचं पिंप हलवावं लागलं होतं. मग श्रुतिका मोडक्या गिटारी आणायला लागली. उघडायची, जोडायची, वाकलेल्या सरळ करायची. सुतारकाम शिकायला इथल्याच एका फर्निचरवाल्याकडे गेली. तो आधी पोट धरून हसला, मग शिकवलं. मागची बंद करून घेतलेली गॅलरी तिची कार्यशाळा झाली. भिंतीला फळ्या पकडायचे क्लँप टांगलेले, खाली लाकूड कोरायचा राउटर, कोपऱ्यात शिवणाच्या फळ्या. शिवणाचं लाकूड हलकं म्हणून गिटारच्या अंगाला, सागवान मानेला.

तिला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. तारा जुळवण्यापुरतं छेडते, तेवढंच. हे ऐकून लोक डोळे विस्फारतात. मग ती विचारते, पाळणे करणारा सुतार पाळण्यात झोपतो का? तोंडाची फटकळ आहे. गरीब बिचारी वगैरे कोणी समजू नये.

पण एका बाबतीत या फटकळ बाईचं काही चालत नव्हतं. गिटारच्या डोक्यावर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाला, बनवणाऱ्याचं नाव असतं. श्रुतिकाच्या गिटारींवर ते नसायचं. लोक म्हणायचे, डोकं कोरं ठेवा. कोरं कशाला, ते नंतर कळायचं. नितेशने एकदा अंधेरीच्या एका हॉटेलात तिचीच गिटार वाजताना बघितली. डोक्यावर परदेशातल्या कंपनीच्या नावाचं स्टिकर. गिटार तिचीच होती याबद्दल शंका नव्हती, कारण खालच्या कडेला लाकडाची गाठ होती आणि त्या गाठीवरून घरात आठवडाभर चर्चा झाली होती. नितेशने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. म्हणाली, वाजत होती ना नीट, बस्स. पण त्या रात्रीची भाजी खारट झाली असं विमलाबाई सांगतात. आपण स्वयंपाकघरात राबायचं आणि पंगतीत दुसरीने "हे मी केलंय" म्हणून मिरवायचं, अशातली ही गत. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. एक तरी गिटार अशी जायला हवी, जिच्या डोक्यावर तिचं नाव असेल आणि ते लोक वाचतील.

मिहिर आला तेव्हा वाटलं, ती गिटार हीच. पवईचा मुलगा, तलावाकडे तोंड असलेल्या इमारतीत राहणारा, मोठ्या कार्यक्रमांत गाणारा. त्याने "सर आहेत?" विचारलं नाही हे मी मान्य करते. इन्स्टाग्रामवर तिच्या कामाचे व्हिडिओ बघून तो थेट तिच्याकडेच आला होता. विमलाबाईंच्या पाया पडला. माझ्याही पडला. आता वाटतं, पाया पडणाऱ्यांकडे जरा लक्ष ठेवलं पाहिजे.

त्याची अडचण खरी होती. लहानपणी क्रिकेट खेळताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. डाव्या हाताने गिटारची मान धरायची असते. दुकानातली कुठलीही गिटार थोडा वेळ वाजवली की त्याचा हात आखडायचा. श्रुतिकाने गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणली, तिचा जाड दांडा केला आणि त्याला गिटार धरतात तसा घट्ट धरायला लावला. विमलाबाईंना वाटलं, हा गणपती करायला शिकतोय. मातीत त्याच्या तळव्याचा आणि वाकड्या अंगठ्याचा साचा उमटला. तो वाळवून तिने समोर ठेवला आणि त्यावर बघून बघून सागवानाची मान तासली. ती मान जगात दुसऱ्या कोणाच्या हाताला बसणार नाही आणि मिहिरच्या हाताला दुसरी मान बसणार नाही, असं नितेश मला कौतुकाने सांगत होता.

गिटार पांढरी हवी होती. दसरा झाला की लगेच त्याचा मोठा कार्यक्रम होता, त्यात ती पहिल्यांदा वाजणार होती. काम घेतानाच श्रुतिकाने सांगितलं, "एक अट आहे. डोक्यावर माझं नाव राहील."

"ऑफ कोर्स, ताई," तो म्हणाला. "मराठीत लिहा. झकास दिसेल."

तिने वर्तमानपत्रांच्या कडांवर सराव केला. बारीक ब्रश, काळी शाई. 'श्रुतिका परब, मरोळ'. विमलाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं आणि मालवणकडच्या गावाचं नाव राहिलं म्हणून तक्रार केली. शेवटी सागवानावर नाव लिहिलं, वर लॅकरचं पातळ रोगण मारलं. त्या दिवशी तिने मला बोलावून ते दाखवलं. ती स्वतःहून काही दाखवायला बोलावते असं क्वचितच होतं. मला इतका आनंद झाला की कुरडयांचा विषय मी काढला नाही.

गिटारच्या अंगावर पांढऱ्या लॅकरचे थर चढले. पाऊस लांबला होता, हवेत ओल होती. असल्या हवेत लॅकर वरून सुकतं, हाताला कोरडं लागतं, पण आतून मऊ राहतं. श्रुतिकाने घरात सगळ्यांना बजावलं की या गिटारला कोणी हात लावायचा नाही. नितेशला सांगितलं, मला सांगितलं, सासूला दोनदा सांगितलं.

आणि मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, त्यांची पूजा करायची आणि काम बंद ठेवायचं. लवू परब गिरणीत असताना साचे, म्हणजे तिथले माग, फुलांनी सजवायचे, साच्याला हळदकुंकू लागायचं. गिरणी बंद झाल्यावर विमलाबाईंनी कित्येक वर्षं नुसती विळी आणि कात्री पुजली. घरात पुन्हा खरी हत्यारं आली ती सुनेमुळे. त्यामुळे हा दिवस त्यांना फार मोठा वाटतो. सकाळी श्रुतिका झेंडूची फुलं आणायला बाहेर पडली. विमलाबाईंनी पाटावर पटाश्या मांडल्या, ड्रिल मांडलं, राउटर ओढून आणला, कॉइलच्या मशीनला हार घातला. ओली हळद, ओलं कुंकू कालवलं आणि एकेकाला लावत गेल्या. शेवटी स्टँडवर ती गिटार दिसली. सगळ्यांची पूजा झाली आणि जिच्यासाठी हे सगळं राबलं ती तशीच, हे त्यांना बघवेना. त्यांनी तिच्या पांढऱ्या अंगावर पाच बोटं हळदीची उमटवली, पाच बोटं कुंकवाची, आणि हात जोडले.

मी तेव्हा दारातच उभी होते, नैवेद्याची वाटी घेऊन. श्रुतिका फुलं घेऊन आली, तिने बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. बोटाच्या टोकाने हलकेच पुसून बघितलं. हळद लॅकरच्या आत मुरली होती. कुंकवात तर बोटांच्या रेषासुद्धा रुतल्या होत्या.

"आई, मी हात लावू नका म्हटलं होतं ना."

विमलाबाई गोंधळल्या. "हात खय लावलंय गो? हळदकुकू लावलंय."

त्या खरंच बोलत होत्या. त्यांच्या हिशेबी हळदकुंकू लावणं म्हणजे हात लावणं नाहीच. कपाळाला बोट टेकवतो तेव्हा आपण त्या बाईला हात लावला असं कोण म्हणतं? श्रुतिकाला हे कळलं. सगळं घासून पुन्हा रंग द्यायचा तर नवा थर कार्यक्रमापर्यंत वाळला नसता. शेवटी तिने मिहिरला फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

तो आला. या वेळी कोणाच्या पाया पडला नाही. गिटारकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं तो चिडेल, आरडाओरडा करेल. ते मी समजू शकले असते, त्याचं नुकसान झालं होतं. पण तो हसला. म्हणाला, ताई, तुमचा काही दोष नाही, घरी काम केलं की असंच होणार. हे घरगुती वाटतं. स्टेजवर असलं चालत नाही. पुढच्या वेळी प्रोफेशनल सेटअप बघा.

घरगुती म्हणजे काय, लोणचं आहे का ते? त्याचा वाकडा अंगठा याच घरात मातीत उतरवून घेतला तेव्हा घरगुती नव्हतं वाटतं. विमलाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना अर्धं इंग्रजी कळलं नाही, पण आवाज कळला. टेलिफोनवर माझा जन्म गेला, माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो यावरून मी त्याची पारख करते. तो आवाज वरून खाली येणारा होता.

मग त्याने गिटार स्पीकरला जोडून वाजवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, थांबेना. हात आखडला नाही. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. तो गिटार घेऊन गेला. बोटांवर काळी टेप लावीन, असं म्हणत गेला.

कार्यक्रमाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. आम्ही व्हिडिओ बघितला, नितेशच्या फोनवर, सगळे दाटीवाटीने बसून. टेप कुठेतरी मध्येच सुटली असावी. दिव्यांच्या झोतात पांढऱ्या गिटारवरची दहा बोटं लखलखीत दिसत होती आणि खाली लोकांनी त्या बोटांचंच कौतुक करून ठेवलं होतं. श्रुतिका गिटारच्या डोक्याकडे बघत होती. तिने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. डोकं काळंकुट्ट होतं. त्याने नावावर काळा रंग मारला होता.

एवढ्यावर थांबला असता तरी माझा राग मावळला असता, कदाचित. पुढच्या आठवड्यात त्याची मुलाखत आली. सोफ्यावर गिटार मांडीवर घेऊन बसलाय आणि मुलाखत घेणारी मुलगी विचारतेय, ही बोटं कोणाची? हा म्हणतो, "माझ्या आजीची. शोच्या आधी तिने आशीर्वाद दिला." आणि गिटार कुठली विचारल्यावर म्हणतो, एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतली, डिझाइन माझं.

विमलाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग आपला उजवा हात समोर धरून बोटांकडे बघत राहिल्या.

"तेच्या आजयेची?" त्या म्हणाल्या. "मगे माझी खय गेली?"

मी म्हटलं, खाली लिहा, सगळ्यांना कळू दे. नितेश लिहायला बसलाही. श्रुतिकाने फोन काढून घेतला. म्हणाली, भांडायचं तर तोंडावर भांडेन, तिथे चार ओळी लिहून मला काही मिळणार नाही. ती गॅलरीत गेली आणि पॉलिश पेपरने एक फळी घासत बसली. ती फळी इतकी घासली की शेवटी कुठल्याच कामाची राहिली नाही. मला तिचाही राग आला. एवढी फटकळ बाई, आणि ऐन वेळी गप्प. पण ती वाट बघत होती हे मला तेव्हा समजलं नाही. सागवान आपल्या हवेत हलतं. पावसात फुगलेली मान थंडीत आक्रसते, तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासून खरखर करायला लागतात. गिटार ज्याने बनवली त्याच्याकडे ती परत येतेच.

थंडी पडली आणि तो आला. मी लगेच बशी परत द्यायच्या निमित्ताने आत गेले आणि बसले. श्रुतिकाने गिटार घेतली. मानेच्या आत लोखंडी सळी असते, तिला किल्लीने पीळ दिला, डोळ्यासमोर धरून सरळ रेघ बघितली, पुन्हा पीळ दिला, पट्ट्या घासून सारख्या केल्या. खरखर गेली. रागाच्या भरात तिने काम कुठेही कमी केलं नाही. मी असते तर केलं असतं.

मिहिर खूश झाला. त्या खुशीत त्याने दुसरं काम काढलं. अजून दोन गिटारी हव्या होत्या, अशाच, बोटांसकट. आता लोक त्याला त्या बोटांवरून ओळखायला लागले होते. आजींना पुन्हा त्रास नको, तो म्हणाला, बोटांचा फोटो काढून स्टिकर करून घेऊ.

श्रुतिकाने विचारलं, "नावावर रंग का मारलास?"

त्याने खांदे उडवले. फोटोग्राफर म्हणाला, वर मराठी नाव फारच घरगुती दिसतं. बाकी काही नाही.

विमलाबाई इतका वेळ भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तिचा नाव पुसलंस, मगे माझी बोटां कित्याक ठेवलंस?"

त्याला मालवणी कळली नसेल असं मला वाटलं, पण कळली. त्याचे कान लाल झाले. मुलाखतीत बोलायच्या ओघात आजी निघून गेलं, लोकांना एवढी सविस्तर गोष्ट नको असते, असं काहीबाही तो सांगत राहिला. मग म्हणाला, नाव हवंच असेल तर मागच्या बाजूला लिहा, खाली, झाकणाच्या आत. मला काही प्रॉब्लेम नाही.

"हळदकुकू कपाळाक लावतत," विमलाबाई म्हणाल्या, "पाठीक नाय."

श्रुतिका उठली. तिने गिटार उलटी करून मांडीवर घेतली, तारा सैल केल्या आणि मानेचे स्क्रू काढायला लागली. या गिटारींची मान स्क्रूवर बसवलेली असते, सुटी होते. मान बाजूला ठेवली आणि भिंतीवरची दुसरी तयार मान काढून त्या जागी बसवली. चांगली मान होती, डोकं कोरं. तारा चढवून जुळवल्या आणि गिटार त्याच्या हातात दिली.

"हिच्यावर नाव नाही. तुला हवी तशी आहे. घेऊन जा."

तो वाजवायला लागला. थोडा वेळ बरं चाललं. मग त्याने हात झटकला. पुन्हा वाजवायला घेतलं, पुन्हा झटकला. अंगठा आखडला होता. त्याची नजर बाकावर ठेवलेल्या मानेकडे गेली.

"ताई, माझी तीच लावून द्या. मी घेतलीय ना ती."

"घेतलीस तेव्हा नावासकट घेतलीस. हवी तर नावासकटच मिळेल. आणि बोटं ज्यांची आहेत त्यांचं नाव तू तुझ्या तोंडाने सांगायचं, जिथे आजीचं सांगितलंस तिथेच. नवीन गिटारी मी करणार नाही."

तो अंगठा चोळत बाकाकडे बघत राहिला. विमलाबाईंना सवयीने चहाची आठवण झाली, त्या उठायला लागल्या, मी त्यांना हात धरून बसवलं. शेवटी तो बरं म्हणाला, तीच मान लावा. फोन काढून विमलाबाईंचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, विमला लवू परब, आणि त्याला ते परत म्हणून दाखवायला लावलं.

श्रुतिकाने चिंधीला थिनर लावून काळा रंग काढायला घेतला. रंग सुटला. खालचं लॅकर त्याच्याबरोबर सुटलं, आणि लॅकरखालची शाईही. चिंधीवर सगळं एकच काळं झालं. त्याच्या रंगाने खालचं लॅकर आणि शाई तेव्हाच विरघळवली होती; नाव त्याच दिवशी गेलं होतं, आता फक्त दिसलं. मिहिर सॉरी म्हणाला. एवढा छोटा शब्द मी फार दिवसांनी ऐकला. श्रुतिकाने चिंधी टाकून दिली. तिचे डोळे भरले होते. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा तसं पाहिलं. तिने ते शर्टाच्या बाहीला पुसले आणि डब्यातून सगळ्यात बारीक पटाशी काढली.

"धर," तिने मिहिरला सांगितलं. "दोन्ही हातांनी. हलवू नकोस."

तो खाली बसला आणि त्याने ती मान बाकावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. तिने पेन्सिलने अक्षरं आखली, पहिल्या रेघेवर पटाशी टेकवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. सागवानाचा छिलका उडून त्याच्या मनगटावर पडला.

"ताई, किती मोठं कोरणार?" त्याने विचारलं.

"शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाचता येईल इतकं," ती म्हणाली, आणि 'श्रु' कोरायला घेतला.